रणगाड्यातला चहा

"डावा डोळा मीट. आरसा मी आत सोडतो, बॅटरी तू धर. तिरकी. अजून तिरकी. दिसलं?"

मला अंधार दिसला, आणि त्या अंधारात माझ्याच भुवईचा एक तुकडा. पण पेणमध्ये टँककाकांच्या घरी चहा हवा असेल तर 'दिसलं' म्हणावं लागतं. म्हणालो.

"काय दिसलं?"

नवखा माणूस इथे फसतो. मी सहा वर्षांचा मुरलेला. "गोळे ठेवायची मांडणी," मी ठोकून दिलं.

"ती डावीकडे. तू उजवीकडे बघतोयस. ते गनरचं बूड टेकायचं आसन आहे." काकांनी दंतवैद्याकडे असतो तसला दांडीचा आरसा बाहेर ओढला, लेंग्याला पुसला आणि पुन्हा त्या भोकात सोडला. भोक दीड सेंटिमीटरचं. शर्टाचं बटण त्यातून जाईल, कोटाचं अडेल. रणगाडा स्वतः कंपासपेटीहून जरासा लांब. त्याच्या पोटात काकांनी गेले अकरा महिने घातले होते.

टँककाका हे नाव आळीनं दिलं. त्याचा ताप असा की महिन्यातून एकदोन फोन येतातच, "हजार लिटरची गच्चीवर आहे, एक खाली आहे, दोन्ही धुवायचं काय घ्याल?" काका सुरुवातीला चिडायचे. आता शांतपणे विचारतात, "कुठल्या देशाची?" तिकडून फोन ठेवला जातो.

काका नागोठण्याकडच्या एका कंपनीत एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या काढायच्या. त्याही आख्ख्या नव्हेत, मधोमध चिरलेल्या. ड्राफ्ट्समनच्या भाषेत सेक्शन. एकतीस वर्षं सेक्शन काढणाऱ्या माणसाला पुढे कुठलीच वस्तू आख्खी दिसत नाही. संकष्टीला पानात उकडीचा मोदक पडला की काका आधी तो सुरीनं उभा कापतात, सारण तळापर्यंत गेलंय का बघतात, मग खातात. काकूंनी लग्नानंतर वर्षभर हा आपल्या स्वयंपाकावरचा अविश्वास समजून रडून घेतलं, मग सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात किंवा सोसायटीच्या कमिटीत शिरतात. काकांना मुलानं वेळ जावा म्हणून एक जपानी रणगाड्याचं किट आणून दिलं. म्हणजे किट जपानी, रणगाडा जर्मन. प्लास्टिकचे सुटे भाग, चिकटवले की रणगाडा तयार. काकांनी तो चार दिवसांत चिकटवला, उचलला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "पोकळ आहे."

तिथून सगळं सुरू झालं.

या छंदातले बहुतेक लोक बाहेरून रंग देतात, गंज काढतात, चिखल लावतात, कपाटात ठेवतात. काका त्या पंथातले नव्हेत. आतलं सगळं हातानं घडवायचं: सीटा, वायरी, पेडल, वायरलेसचा संच, गोळे, गोळे बांधायचे पट्टे. आणि ते झालं की वरून टरेट बसवायचं. टरेट म्हणजे रणगाड्याचा फिरता बुरूज. पण रायगड जिल्ह्यात बुरूज म्हटलं की माणूस अवचितगडापर्यंत जाऊन येतो, म्हणून काका टरेटच म्हणतात. टरेट बसलं की आतलं नव्वद टक्के काम दिसेनासं होतं. राहतं ते दीड सेंटिमीटरचं झाकण, आणि आम्ही.

काकांच्या घरात आता सगळ्या गोष्टींना पस्तिसानं भागतात. हे मॉडेल मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं. काकू १५४ सेंटिमीटर, म्हणजे चार पूर्णांक चार. "चारपूर्णांकचार, जरा बॅटरी आण गं," अशी हाक मी स्वतः ऐकली आहे. काकूंनी उत्तरादाखल आतून पस्तिसाव्या भागाएवढा लाडू पाठवला होता. बशीत शोधावा लागला.

हा पस्तिसाचा आकडा आला कुठून, असं मी एकदा विचारून बसलो. काकांनी पाट सरकवला आणि पुराण लावलं. १९६१ साली शिझुओका गावच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटरवर चालायचं. मोटर आणि सेल आत मावले पाहिजेत, या बेतानं त्याचा आकार ठरवला. पुढे मोजून बघितलं तर तो मूळ पँथरच्या साधारण पस्तिसावा निघाला. तोच पुढे जगभर चालला.

"म्हणजे माप सेलनं ठरवलं?" मी.

"आत काय मावतं त्यावरून बाहेरचं ठरलं," काकांनी बोट वर केलं. "मी दुसरं काय सांगतोय?"

याच तामियांची दुसरी कथा काकूंसमोर काढायची नाही, असा आमच्यात करार आहे. पोर्श मोटारीचं मॉडेल करायचं म्हणून शुनसाकु तामियांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली, ती पार सुटी केली, आणि मग ती परत जुळेना म्हणून पोर्शच्या माणसांना बोलवावं लागलं. काकांनी हा आदर्श घरच्या मिक्सरवर गिरवला. दुरुस्तीवाल्यानं मिक्सर बघून एवढंच विचारलं, "आधी कोणी उघडलावता?" काकू काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीची चटणी पाट्यावरची होती आणि काकांच्या हातची होती.

परदेशात या कामाला लागणारे प्लास्टिकचे पातळ पत्रे, बारीक नळ्या, पट्ट्या दुकानात मिळतात. पेणला पापड मिळतात. मग काकांनी पेणमध्ये काय काय मिळतं याचा नव्यानं शोध लावला. औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पाठ: पट्टे आणि बकला. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमधली तांब्याची तार: वायरिंग. ब्लाउजचे हूक: दरवाजांच्या कड्या. आइस्क्रीमचे कप: भिंती. इंजेक्शनच्या सुया: पाइप. सुया आणायला गेले तेव्हा औषधवाल्यानं आपुलकीनं विचारलं, "शुगर कोणाला?" काका आपल्याच तंद्रीत म्हणाले, "ड्रायव्हरला." काकांकडे ड्रायव्हर असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर.

मी या कथेत आलो तो एटीएम कार्डापायी. मी राहायला रोह्याला, नोकरी पेणच्या एका बँकेत. एक दिवस काऊंटरवर एक गृहस्थ आले आणि मुदत संपलेली कार्डं तुम्ही कापून टाकता ती मला मिळतील का, असं विचारू लागले. मी घाबरून मॅनेजरकडे बघितलं. "शून्य पूर्णांक शहात्तर मिलिमीटर," गृहस्थ मला समजावू लागले, "गुणिले पस्तीस. साडेसव्वीस मिलिमीटर पोलाद होतं हो!" कार्डं अर्थातच दिली नाहीत. पण त्याच सुमारास आमच्या काऊंटरवर दोऱ्याला बांधलेल्या पेनांतल्या रिफिली नाहीशा होऊ लागल्या. दोरा जागेवर, पेन जागेवर, आत पोकळ. काकांना विचारलं तर ते दुखावले. "मी फक्त संपलेल्या घेतो," म्हणाले.

रिफिलीचं प्रकरण मात्र जवळून बघण्यासारखं आहे. सध्या काकांच्या हाताखाली आहे तो इंग्रजी बनावटीचा सेंच्युरियन रणगाडा. त्याची तोफ १०५ मिलिमीटरची. भागिले पस्तीस, बरोबर तीन. साध्या बॉलपेनच्या रिफिलीची जाडी तीनच्या आसपास. हा हिशेब जुळला त्या रात्री काका झोपले नाहीत. काम असं चालतं: आधी रिफिलीतली उरलेली शाई स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सुताच्या दोऱ्यानं ओढून काढायची. मग रिफिल काचेवर ठेवून ब्लेड वर टेकवायचं आणि दाबायचं नाही. दाबलं की तोंड चपटं होतं. ब्लेडखाली रिफिल नुसती पोळीसारखी लाटायची, पुढे-मागे, पुढे-मागे, म्हणजे ती आपली आपण तुटते. अडीच सेंटिमीटरचा तुकडा. एका तोंडाला एमसीलचा थेंब, तो ओला असताना ओल्या बोटानं निमुळता करायचा. बुडाला तांब्याच्या तारेचा एक वेढा. पितळी रंग. एक गोळा झाला. रणगाड्यात असे साठाच्या वर गोळे. काका ते सगळे करतात. पहिली ओळ सोडली तर मागचे दिसत नाहीत, मग मागे नुसत्या रिफिली उभ्या केल्या तर चालणार नाही का, असं मी सुचवलं होतं. पंधरा दिवस बोलणं बंद होतं.

काकांच्या घराला लागून गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये कशाच्याही बाजूला गणपतीचा कारखाना असतोच. तिथला मूर्तिकार काकांचा रंगपुरवठादार, कॉम्प्रेसरचा मालक आणि टीकाकार. कॉम्प्रेसर मिळतो तो विसर्जनानंतर, त्यामुळे काकांचे रणगाडे भाद्रपद उलटल्याशिवाय रंगत नाहीत. त्या पहिल्या जर्मन रणगाड्याच्या वेळी पेच पडला होता. जर्मन लोक आतून हस्तिदंती रंग द्यायचे, अंधारात उजेड वाटावा म्हणून. ती छटा कुठे मिळेना. मूर्तिकारानं एक डबी पुढे केली. गणपतीच्या सुळ्यांचा रंग. हिटलरच्या पँथरला आतून गणरायाचे दात लागले ते असे.

"पण काका, आत बघतो कोण?" मूर्तिकाराचा कायमचा सवाल. "आमच्या मूर्तीत बघा, काथ्या आणि प्लास्टर. मागच्या बाजूला एक हात मारला की झालं. सगळा जीव आखणीत. डोळे बोलले पाहिजेत."

"तुझ्या मूर्तीच्या पोटात कोणी बसत नाही. माझ्यात चौघं बसतात."

"बसवा की मग! मला तर एकपण दिसत नाही."

हे काकांच्या वर्मावर होतं. काका सीट करतात, माणूस करत नाहीत. एकदा केला होता. ड्रायव्हर. पाच सेंटिमीटरचा माणूस, ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठं तोंड. डोळे रंगवणं काकांना जमेना, म्हणून ते काम मूर्तिकाराला दिलं. त्यानं भिंगाखाली अर्ध्या तासात आखणी केली. पेणची आखणी! मोठे, शांत, कानापर्यंत गेलेले, भक्ताकडे कृपेनं बघणारे डोळे. तो ड्रायव्हर जर्मन गणवेशात स्टिअरिंगचे दांडे धरून बसला होता आणि काकूंनी त्याला बघून नकळत हात जोडले. तेव्हापासून काकांच्या रणगाड्यात नुसत्या रिकाम्या सीटा असतात. सीटेवर बसून खोलगट झालेली गादी मात्र ते करतात.

काकूंचं म्हणणं वेगळंच. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. "विनोबांच्या तालुक्यात राहून हा माणूस दिवसभर रणगाडे करतो," असं त्या आल्यागेल्याला सांगतात, आणि लगेच पुढे, "पण हात चांगलाय हो त्यांचा."

सेंच्युरियनसाठी काका तीनदा नगरला जाऊन आले. तिथं लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. गाव आता अहिल्यानगर झालं तरी काका एसटीत नगरच मागतात. तिथे ओळीनं देशोदेशीचे रणगाडे उभे, आणि बघायचे ते बाहेरूनच. काकांनी छत्रीच्या दांडीवर सेंटिमीटरच्या खुणा करून नेल्या होत्या. जिथे छत्री पुरली नाही तिथे पंजा, वीत. आत डोकवायला मिळेना म्हणून ते एका रणगाड्याच्या तोफेच्या तोंडाला डोळा लावून उभे राहिले. सुरक्षेवरचा जवान आला आणि अतिशय मायेनं म्हणाला, "बाबूजी, इधर से कुछ नहीं दिखेगा."

फळ मिळालं ते एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये. समोर बसलेले म्हातारे गृहस्थ तरुणपणी सेंच्युरियनवर लोडर होते. लोडर म्हणजे तोफेत गोळा भरणारा. दुसरं कोणी असतं तर लढाई विचारली असती. काकांनी विचारलं, "डाव्या कोपराला काय लागायचं?"

म्हातारा विचारात पडला. "सगळंच," म्हणाला. मग त्यानं मिसळीच्या प्लेटीभोवती चमचे, मिठाची बाटली, पाण्याचे पेले मांडून काकांना आख्खं टरेट लावून दाखवलं. वेटरनं पेले उचलले तर काकांनी त्याचा हात धरला.

त्या रणगाड्यांबद्दल बोलताना काकांचा आवाज एका ठिकाणी खाली येतो. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१. रणगाडा पेटलेला, सोडून बाहेर या असा हुकूम. तोफ अजून चालतेय म्हणून त्यांनी तो सोडला नाही. रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. काकांच्या टेबलावर आहे तो तोच. "उजवीकडे पुढे गनर, त्याच्या मागे कमांडर," काका हातानं जागा दाखवतात. "कमांडरचे गुडघे गनरच्या पाठीला. एवढी जागा. आणि हा शेजारचा विचारतो, आत काय आहे!"

मग लगेच आवाज चढतो, कारण पुढे रोह्याच्या माणसाचा विषय असतो.

हा रोह्याचा माणूस धाटावच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्यालाही हाच छंद, पण तो बाहेरचा. गंज आणि चिखल. धाटावच्या हवेत इतकी वर्षं काढल्यानं गंजाच्या सतरा छटा त्याला तोंडपाठ आहेत. कुंडलिकेचा गाळ आणतो, उन्हात वाळवतो, मलमलीतून चाळतो आणि पट्ट्यांना लावतो. काका त्याला चिखल्या म्हणतात. तो काकांना झाकणवाले म्हणतो. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही.

मागच्या हिवाळ्यात रोह्याच्या एका शाळेनं छंदांचं प्रदर्शन भरवलं आणि दोघांनाही बोलावलं. काकांनी फामागुस्ता काकूंच्या अनारशांच्या डब्यात, कापसात बसवला. मी सोबतीला. दिवा-रोहा गाडीत डबा मांडीवर. समोरच्या बाईनं अनारशांचा वास ओळखून विचारलं, "घरचे का?" काका म्हणाले, "ब्रिटिश."

चिखल्या त्या दिवशी पेणलाच होता, तोही याच गाडीत चढला. कासू येईपर्यंत झुंज लागली होती.

"ते पाणी उकळायचं भांडं केलंत म्हणे?" चिखल्यानं खडा टाकला.

भांडं हा काकांचा अभिमान. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सैनिक चहा करायला रणगाड्यातून खाली उतरायचे, कापलेल्या डब्यात पेट्रोल पेटवून पाणी उकळायचे. लढाईत चहासाठी खाली उतरणं बरं नव्हे, हे इंग्रजांना युद्ध संपता संपता पटलं आणि सेंच्युरियनमध्ये त्यांनी विजेवर पाणी तापवायचं भांडं आतच बसवून टाकलं. काकांनी ते सात मिलिमीटरचं केलं होतं. झाकण, कडी, वायर. वायर खरोखर खोक्यापर्यंत नेलेली. ते आरशातूनही दिसत नाही. मी मान्य केलं आहे की दिसतं.

"आपल्या फौजेनं काढून टाकलं असेल ते," चिखल्या म्हणाला. "त्या जागेत दोन गोळे जास्त बसतात. आम्ही रोहेकर. चिंतामणराव देशमुखांच्या गावचे. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आमचा. हिशेब विचारणारच."

"हिशेब विचारतोस? तुझ्या रणगाड्याला चिखल कुठला? कुंडलिकेचा! बसंतर कुठे, कुंडलिका कुठे! पाकिस्तानात जाऊन लढला की धाटावला?"

नागोठण्याला चणेवाला चढला म्हणून तह झाला. निडीला दोघांनी एकाच पुडीतले चणे खाल्ले.

प्रदर्शनात चिखल्याचा रणगाडा बघायला गर्दी. चिखल दिसतो, गंज दिसतो, पोरं हात लावून बघतात. काकांच्या टेबलासमोर रांग लागली खरी, पण ती आरसा आणि बॅटरी खेळायला मिळते म्हणून. प्रत्येक जण डोकवायचा, "दिसलं" म्हणायचा आणि पळायचा. काका खूश. मुख्याध्यापकही डोकावले आणि "वा, फार सूक्ष्म!" म्हणाले. त्यांचा डोळा आरशावर नव्हताच, मी बाजूनं बघत होतो.

मग सहावी-सातवीतला एक मुलगा आला. त्यानं घाई केली नाही. बॅटरी स्वतः धरली, आरसा स्वतः फिरवला. बराच वेळ तो वाकलेलाच. मागून पोरं ढोसत होती.

"काका, ते वायरचं काय आहे, कोपऱ्यात?"

काकांनी माझा दंड घट्ट धरला. "कोणतं? कड्या आहेत त्याला?"

"हां. छोटं. झाकण असलेलं."

"भांडं आहे ते! चहाचं! दिसलं तुला?" काका जवळजवळ ओरडलेच. अकरा महिन्यांत ते भांडं बघणारा हा पहिला माणूस.

मुलगा अजून वाकलेलाच होता. "मग कप कुठेयत?"

काका गप्प.

"भांडं आहे, चहा झाला, मग पितात कशात?" मुलानं आरसा सगळीकडे फिरवून खात्री केली. "कप नाहीतच," असं जाहीर केलं आणि चिखलवाल्या टेबलाकडे निघून गेला. चिखल्यानं ऐकलं होतं. त्याला हसायची संधी होती, पण हसला नाही. उलट काकांना पाणी आणून दिलं.

मी रोह्यालाच राहतो, पण त्या संध्याकाळी काकांना एकटं सोडवेना, म्हणून परतीच्या गाडीत बसलो. निडी गेलं. डबा मांडीवर. नागोठणं गेलं. काका खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस पाण्याच्या टाक्या धुवायला लागणार.

कासूला त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं.

"मग साधारण ऐंशी मिलिमीटर उंच धरला तर?"

"काय?"

"भागिले पस्तीस, दोन पूर्णांक तीन. रिफिलीचाच तुकडा. कान तांब्याचा. पेन दे तुझं."

"काका, चालू रिफिल आहे ही. उद्या बँकेत—"

"चार लागतील," ते रिफिल उजेडात धरून म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "तिघं वर टरेटमध्ये. ड्रायव्हर खाली पुढे, उजवीकडे. त्याच्याकडे चहा पोचवायचा कुठून?"

पेण येईपर्यंत ते माझ्या पाठीला गुडघा टेकवून, खालच्या बाकाच्या दिशेनं हात लांबवून बघत होते. डब्यातली माणसं सरकून जागा करून देत होती. घरी पोचलो तेव्हा काकू दारात होत्या. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण न उघडता कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाल्या, "काहीतरी सुटलंय आत."

"काही सुटलं नाही," काका चपला काढता काढता म्हणाले. "राहिलंय. चहा टाक."